परसातील पोहण्याचा तलाव आणि अमेरिकन गृहविमा: एक आढावा

अमेरिकेत घर विकत घेणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाच्या हाती, कर्ज देणाऱ्या बँकेच्या आग्रहामुळे का होईना, गृहविम्याचे जे जाडजूड कागद पडतात, त्यांत छपरापासून तळघरापर्यंत आपल्या मालकीच्या यच्चयावत वस्तूंची तजवीज झालेली आहे असा सर्वसाधारण समज असतो, आणि तो पुष्कळ अंशी खराही असतो. परंतु त्याच घराच्या मागील अंगणात साठ-सत्तर हजार डॉलर खर्चून बांधलेला पोहण्याचा तलाव असला, तर विमापत्रात त्याचे स्थान कोठे, कोणत्या आपत्तीत त्याची भरपाई मिळते आणि कोणत्या आपत्तीत मालकाने स्वतःच्याच खिशात हात घालावयाचा, हे शोधू जाता जे चित्र उभे राहते ते मोठे चमत्कारिक आहे. आगीपासून त्या तलावाला भरभक्कम संरक्षण असते. पाण्यापासून जवळजवळ नसतेच. ज्या वस्तूचे सारे अस्तित्व पाणी धरून ठेवण्यात आहे, तिच्या बाबतीत विमाकर्त्यांनी असा पवित्रा का घेतला, हे समजल्यावाचून या विषयातील एकही तंटा नीट उलगडत नाही.

या विमापत्राचा इतिहास फार जुना नाही. आगीचा विमा वेगळा, चोरीचा वेगळा, दायित्वाचा आणखी वेगळा, अशी पद्धत अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालत होती. न्यूयॉर्क राज्याचे १९४३ सालचे १६५ ओळींचे प्रमाणित अग्निविमापत्र हा त्या काळचा आदर्श नमुना. १९५० साली फिलाडेल्फियाच्या इन्शुरन्स कंपनी ऑफ नॉर्थ अमेरिकेने या सर्व जोखमी एकाच करारनाम्यात गुंफून 'होमओनर्स' विमापत्र बाजारात आणले, आणि नेमक्या त्याच दशकात युद्धोत्तर सुबत्तेच्या लाटेवर कॅलिफोर्निया, टेक्सास, फ्लोरिडा या उष्ण राज्यांच्या उपनगरांतून परसातील तलावांची संख्या वाढत गेली. घर हा या कराराचा गाभा, बाकी सर्व परिशिष्ट. तलाव परिशिष्टात जाऊन बसला आणि आजतागायत तेथेच आहे. १९४५ च्या मॅक्कॅरन-फर्ग्युसन कायद्याने विम्याचे नियमन राज्यांच्या अखत्यारीत ठेवल्यामुळे राज्याराज्यांत आणि कंपन्याकंपन्यांत मजकुराचा फरक पडतो. तथापि बहुसंख्य कंपन्या इन्शुरन्स सर्व्हिसेस ऑफिस, म्हणजे आयएसओ, या संस्थेने तयार केलेला 'एचओ-३' हा मसुदा कमीअधिक फेरफार करून वापरतात. पुढील विवेचन त्याच मसुद्याला अनुसरून आहे.

या मसुद्यात मालमत्तेची वर्गवारी अक्षरांनी केलेली आहे: 'ए' म्हणजे राहते घर, 'बी' म्हणजे आवारातील अन्य बांधकामे, 'सी' म्हणजे जंगम चीजवस्तू. घरापासून मोकळ्या जागेने विलग असलेले, किंवा केवळ कुंपण, विजेची तार अथवा तत्सम दुव्याने घराशी जोडलेले जे बांधकाम, ते 'बी' वर्गात पडते; आणि जमिनीत खोदून काँक्रीटने बांधलेला तलाव बहुतेक वेळा याच वर्गात गणला जातो. जमिनीवर उभा केलेला, उन्हाळा संपला की उकलून ठेवता येण्यासारखा तलाव काही कंपन्या 'बी' मध्ये घेतात, तर काही त्याला सरळ 'सी' मधील चीजवस्तू समजतात. हा भेद नुसता कागदी नाही. कारण 'ए' आणि 'बी' वर्गांना ज्या स्पष्टपणे वगळलेल्या नाहीत त्या सर्व आपत्तींपासून संरक्षण असते, तर 'सी' वर्गाला केवळ नामनिर्देश केलेल्या १६ आपत्तींपासून. त्या सोळांतील बर्फाच्या वजनाचे कलम तर इमारतीच्या आत असलेल्या चीजवस्तूंपुरतेच असल्यामुळे, अंगणात उभ्या असलेल्या तलावाची भिंत बर्फाच्या भाराने वाकली, तर त्या कलमाचा मालकाला काडीचाही उपयोग होत नाही.

'बी' वर्गाची मर्यादा सामान्यतः 'ए' च्या १० टक्के असते, आणि मालकाची पहिली निराशा येथे होते. घराचा विमा ४ लाख डॉलरचा असेल, तर अन्य बांधकामांसाठी ४० हजार उरतात; त्यांतच तलाव, वेगळे गॅरेज, कुंपण, बागेतील मांडव आणि अवजारांची खोली या सर्वांची सोय लावावयाची. ७० हजारांचा तलाव आणि ३० हजारांचे गॅरेज एकाच वणव्यात गेले, तर लाखाच्या नुकसानीवर ४० हजारांपलीकडे दमडीही मिळावयाची नाही. थोडा जादा हप्ता भरून ही मर्यादा पुरवणीने वाढवून घेता येते. परंतु घर बांधल्यानंतर पाच-सात वर्षांनी तलाव खोदणारा मनुष्य कंत्राटदाराशी दराची जितकी घासाघीस करतो, त्याच्या शतांशानेही विम्याच्या एजंटाशी बोलत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

दुसरी निराशा अधिक सूक्ष्म आहे, आणि ती दाव्याचा धनादेश हाती पडेपर्यंत बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. 'एचओ-३' मध्ये इमारतींची भरपाई नव्याने बांधण्याच्या खर्चाप्रमाणे होते. परंतु 'इमारत नसलेली बांधकामे' या सदराखालील वस्तूंची भरपाई घसारा वजा करून, म्हणजे त्या दिवशीच्या प्रत्यक्ष किमतीप्रमाणे केली जाते. तलाव हे बांधकाम खरे, पण ती इमारत नव्हे. समजा, तलावाच्या आतील व्हायनिलचे अस्तर वादळात उडून आलेल्या पत्र्याने फाटले. नवे अस्तर बसविण्यास ५ हजार डॉलर लागतात. अस्तराचे आयुष्य अॅडजस्टरने, म्हणजे नुकसानीच्या पाहणीस कंपनीने पाठविलेल्या माणसाने, १० वर्षे धरले आणि त्यांतील ६ वर्षे सरलेली आहेत. भरपाईस पात्र रक्कम उरली २ हजार. मालकाने पत्करलेला डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतील त्याचा स्वतःचा वाटा, अडीच हजारांचा असेल, तर हाती शून्य येते, आणि वर दाव्याची नोंद मात्र त्याच्या नावे दप्तरी राहते. याच कारणाने, घराच्या भिंतीला लागून असलेला तलाव घराचाच भाग मानावयाचा की अन्य बांधकाम, यावर बारकाईने वाद घातले जातात. मर्यादा आणि घसारा या दोन्ही बाबतींत त्या उत्तराचे मोल हजारो डॉलरांचे असते.

आता संरक्षण कशापासून आहे ते पाहू. आग, वीज, गारपीट, वादळी वारा, झाड कोसळणे, मोटार कुंपण तोडून आत येणे, नासधूस करणाऱ्यांचा उपद्रव, या सर्वांची भरपाई मिळते. नासधुशीबाबत मात्र घर सलग ६० दिवसांहून अधिक काळ ओस असता कामा नये. कॅलिफोर्नियाच्या वणव्यांत घरे भस्मसात होतात आणि मागचा तलाव वरवर शाबूत दिसतो; पण उष्णतेने काठाच्या फरशा तडकलेल्या, पंप व फिल्टर वितळलेले आणि पाण्यात राखेचा चिखल झालेला असतो, व हे नुकसान आगीचेच असल्यामुळे सामान्यतः मान्य होते. झाडाच्या बाबतीत एक गंमत आहे. झाड तलावावर पडून काठ फुटला, तर दुरुस्तीबरोबर ते झाड हलविण्याचा खर्चही मिळतो, पण एका झाडामागे ५०० आणि एकंदर १ हजार डॉलरपर्यंतच. आणि तेच झाड कशाचेही नुकसान न करता नुसते पाण्यात आडवे झाले, तर ते बाहेर काढण्याचा खर्च सहसा मालकाच्या माथी बसतो. फ्लोरिडात तलावावर जाळीचा जो मोठा पिंजरा उभारलेला असतो, तो चक्रीवादळात पहिल्या झटक्याला जातो. म्हणून तेथील पुष्कळ विमापत्रांत हा पिंजरा मुळातच वगळलेला असतो आणि त्यासाठी स्वतंत्र पुरवणी विकत घ्यावी लागते. शिवाय चक्रीवादळाचा डिडक्टिबल घराच्या विमारकमेच्या टक्केवारीत मोजला जातो. २ टक्के म्हटले तरी ४ लाखांवर ८ हजार होतात, आणि एकट्या तलावाचे वादळी नुकसान पुष्कळदा त्याहून कमीच भरते.

परंतु तलावाचे खरे शत्रू यांपैकी कोणीच नव्हेत. त्याचे शत्रू तीन: गोठणारे पाणी, जमिनीखालचे पाणी आणि खुद्द जमीन, आणि या तिघांनाही विमापत्राने नाव घेऊन बाहेर ठेवलेले आहे. गोठणे, वितळणे, पाण्याचा किंवा बर्फाचा दाब अथवा भार यांमुळे कुंपण, फरसबंदी, अंगणातील ओटा किंवा पोहण्याचा तलाव यांना पोहोचलेली इजा भरपाईस पात्र नाही, अशा अर्थाचे कलम 'एचओ-३' मध्ये आहे, आणि त्यात तलावाचा उल्लेख स्पष्ट आहे. दुसऱ्या कलमाने पूर, भूपृष्ठावरून वाहत येणारे पाणी, आणि तलावासह कोणत्याही बांधकामावर दाब आणणारे किंवा त्यातून झिरपणारे भूगर्भातील पाणी वगळले आहे. तिसऱ्याने भूकंप, भूस्खलन, जमीन खचणे अथवा फुगणे यांना मज्जाव केला आहे. याउपर झीज, गंज, यंत्रातील स्वाभाविक बिघाड, उंदीरघुशींचा उपद्रव आणि सदोष बांधकाम हे नेहमीचे अपवाद आहेतच. टेक्सासच्या चिकणमातीत सुक्या उन्हाळ्यानंतर आलेल्या पावसाने जमीन फुगून तलावाला जी चीर पडते, तिचे खापर अॅडजस्टर मातीवर फोडो, वार्धक्यावर फोडो की कंत्राटदाराने हात राखून वापरलेल्या सळयांवर फोडो, मालकाच्या दृष्टीने निष्पत्ती एकच.

भूजलाच्या दाबाने होणारा अपघात जवळून पाहण्याजोगा आहे. २० हजार गॅलनच्या तलावात सुमारे ७५ टन पाणी मावते, आणि काँक्रीटच्या त्या कवचाला जमिनीत दाबून धरणारा मोठा भार या पाण्याचाच असतो. मुसळधार पावसानंतर भूजलाची पातळी वर चढते. चार दिवसांनी वादळ ओसरल्यावर मालक हिरवट, गढूळ पाणी पाहून अस्वस्थ होतो, पंप लावतो आणि तलाव रिता करतो. आत भार उरला नाही, बाहेरून दाब कायम. अशा स्थितीत ते सबंध कवच नावेसारखे वर उचलले जाते, काठाच्या फरशा तडातड उखडतात, नळांचे सांधे तुटतात, आणि सकाळी उथळ बाजू जमिनीच्या वर वीतभर आलेली दिसते. हा दाब मोकळा व्हावा म्हणून तळाच्या निचऱ्यापाशी एक झडप बसविलेली असते. परंतु वर्षानुवर्षे तिची तपासणी न झाल्याने ती गाळाने बुजलेली आढळते. असा तलाव पुन्हा जागी बसविता येत नाही. बहुधा तो फोडून नवा बांधावा लागतो. दावा दाखल होतो, अॅडजस्टर येतो, छायाचित्रे घेतो, आणि त्याच्या नकारपत्रात ते भूगर्भातील पाण्याचे कलम शब्दशः उतरलेले असते. काही कंपन्या या प्रकारच्या उत्थानासाठी पुरवणी देतात. ती घेणारे विरळा.

मग पुरासाठी सरकारी विमा आहे, त्याचे काय? १९६८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय पूरविमा योजनेत घरासाठी अडीच लाख आणि सामानासाठी एक लाख डॉलरपर्यंत संरक्षण मिळते. पण तिच्या प्रमाणित विमापत्रातील वगळलेल्या मालमत्तेच्या यादीत पोहण्याचे तलाव, आणि ते कोठेही असले तरी त्यांचे हीटर, फिल्टर, पंप व नळ, नावानिशी नमूद आहेत. भूकंपाची गोष्ट निराळी नाही. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपाने खासगी कंपन्या हादरल्यावर १९९६ साली उभ्या राहिलेल्या कॅलिफोर्निया अर्थक्वेक अॅथॉरिटीच्या विमापत्रातही तलाव बाहेरच आहे. म्हणजे घरगुती विमापत्राने पूर व भूकंप वगळले, आणि पूर व भूकंपासाठीच निघालेल्या योजनांनी तलाव वगळला. दोन्हीकडून दार बंद.

कंपन्यांची बाजू मांडली पाहिजे, कारण तीही निराधार नाही. विमा आकस्मिकतेचा असतो, अपरिहार्यतेचा नव्हे; जमिनीत गाडलेल्या काँक्रीटला कालांतराने चिरा पडणे हे इतके निश्चित आहे की त्याचा हप्ता दुरुस्तीच्या खर्चाइतकाच ठरेल, आणि चैनीच्या वस्तूचा भार तलाव नसलेल्या शेजाऱ्याने का उचलावा, या प्रश्नालाही उत्तर नाही. परंतु माझ्या मते जे खटकते ते अपवाद असण्यात नसून त्यांच्या विस्तारात आहे. पूर व भूहालचाल यांच्या कलमांना जोडलेल्या प्रास्ताविकाने असे ठरविले आहे की, वगळलेले कारण अन्य कोणत्याही कारणाबरोबर, एकाच वेळी वा कोणत्याही क्रमाने, नुकसानीस हातभार लावीत असेल, तर भरपाई नाही. २००५ च्या कॅटरिना चक्रीवादळानंतर वारा की पाणी या प्रश्नावर मिसिसिपीच्या किनाऱ्यावर दाव्यांचा महापूर आला, आणि २००७ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने ही तरतूद उचलून धरली. वाऱ्याने पंपाची खोली उडविली, पंप बंद पडला, पाणी चढले आणि तलाव उचलला गेला, अशा साखळीत वाऱ्याचा दुवा कितीही ठळक असला, तरी पाण्याचा दुवा दिसताच दावा डळमळतो.

फेब्रुवारी २०२१ मधील टेक्सासच्या हिमवादळाने आणखी एक गाठ पुढे आणली. वीजपुरवठा दिवसचे दिवस खंडित झाला, पंप थांबले, आणि ज्या प्रदेशात तलावाचे नळ जमिनीवर उघडे ठेवण्याची रूढी आहे, तेथे नळ, झडपा व फिल्टर फुटले. गोठण्याचा अपवाद 'तलावाला' लागू आहे. पण पंप आणि नळ हे तलावच काय, की तलावाची निराळी यंत्रसामग्री? ज्याच्या विमापत्रात सामग्रीचा स्पष्ट उल्लेख नव्हता, त्याला निदान भांडण्यास जागा होती. आणि येथे एक गोष्ट मालकाच्या बाजूची आहे: सर्वसमावेशक संरक्षणाच्या करारात अपवाद लागू होतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी सामान्यतः कंपनीवर असते, आणि संदिग्ध मजकुराचा अर्थ तो मजकूर लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावण्याकडे न्यायालयांचा कल असतो. म्हणून वादळापूर्वीची छायाचित्रे, पंपाच्या पावत्या आणि दरवर्षीच्या देखभालीची नोंद ही तीन कागदपत्रे वकिलाच्या वक्तृत्वापेक्षा अधिक कामास येतात.

येथवर तलावाला होणाऱ्या इजेचा विचार झाला. तलावामुळे होणाऱ्या इजेचा विचार त्याहून गंभीर आहे. अमेरिकेत १ ते ४ वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण पाण्यात बुडणे हे आहे. परवानगीवाचून आवारात शिरलेल्या अजाण बालकालाही इजा झाल्यास मालक जबाबदार ठरू शकतो, या तत्त्वाचा उगम १८७३ च्या एका रेल्वे खटल्यात आहे. नेब्रास्कातील एका स्थानकाजवळ इंजिन फिरविण्याच्या चकतीत सहा वर्षांच्या मुलाचा पाय चिरडला होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने कंपनीवरील दायित्व कायम केले. पाण्याचा धोका मुलालाही उघड दिसतो, म्हणून हे तत्त्व तलावाला लावू नये, असे म्हणणारी न्यायालये होती व आहेत. परंतु त्या मतभेदाच्या भरवशावर झोपी जाणे शहाणपणाचे नाही. फ्लोरिडाने २००० साली नव्या घरगुती तलावांसाठी कुंपणादी अटकाव सक्तीचे केले. निदान ४ फूट उंचीचे कुंपण आणि आपोआप मिटून कडी लागणारे फाटक ही आता कंपन्यांचीही नेहमीची अट झाली आहे. पाण्यात सूर मारण्याची फळी किंवा घसरगुंडी दिसली, तर कित्येक कंपन्या विमाच नाकारतात. साध्या विमापत्रात दायित्वाची मर्यादा बहुधा १ लाख डॉलर आणि पाहुण्याच्या किरकोळ औषधोपचाराची १ हजारापासून पुढे असते. अमेरिकेतील एका दिवसाच्या अतिदक्षता विभागाचे बिल ज्याने पाहिले आहे, त्याला या आकड्यांची अपुरी व्याप्ती सांगावी लागत नाही. तलावधारकांनी ही मर्यादा ३ ते ५ लाखांपर्यंत न्यावी आणि त्यावर १० लाखांपासून सुरू होणारे 'अम्ब्रेला', म्हणजे मूळ मर्यादा संपल्यावर कामी येणारे, विमापत्र घ्यावे, हा त्या क्षेत्रातील रूढ सल्ला आहे, आणि मला तो सर्वथा योग्य वाटतो. तलाव तासाच्या भाड्याने परक्यांना देण्याची जी नवी टूम निघाली आहे, ती या दायित्वाला व्यवसायाच्या अपवादात ढकलते, हेही ध्यानात असू द्यावे.

ह्यूस्टन, डॅलस, न्यू जर्सी येथील मराठी कुटुंबांच्या बाबतीत या दायित्वाला एक विशेष कंगोरा आहे. पुण्या-नाशकाहून आई-वडील सहा-सहा महिन्यांच्या मुक्कामाला येतात आणि नातवंडांबरोबर तलावाकाठी वावरतात. काठावर पाय घसरून आजोबांचे खुब्याचे हाड मोडले, तर त्याची भरपाई दायित्वाच्या कलमातून मिळेल काय? घरात राहणारे नातलग हे स्वतःच 'विमाधारक' गणले जातात, आणि विमाधारकाला झालेली शारीरिक इजा या कलमातून वगळलेली आहे. सहा महिने राहणारे पिताश्री पाहुणे ठरतात की घरचे, हे परिस्थितीवर अवलंबून राहील. म्हणून त्यांचा प्रवासी आरोग्यविमा केवळ औपचारिकता म्हणून नव्हे, तर नीट वाचून, पुरेशा रकमेचा काढावा हे बरे.

ओघात आले म्हणून मायदेशाची तुलना करतो. १ एप्रिल २०२१ पासून आपल्या विमा नियामकाने लागू केलेल्या 'भारत गृह रक्षा' विमापत्रात पूर, भूकंप आणि भूस्खलन हे आगीच्याच पंक्तीला बसविलेले आहेत, आणि आवारभिंती, फाटके व पाण्याच्या स्थिर टाक्या यांना घराच्या जोडबांधकामांत स्थान दिलेले आहे. अलिबाग-लोणावळ्याकडे तलावासह बंगला बांधणाऱ्याने प्रस्तावपत्रातच तलावाचा उल्लेख व त्याची किंमत नोंदवून घ्यावी. आपत्तींच्या बाबतीत तरी तो अमेरिकन मालकापेक्षा बऱ्या स्थितीत आहे.

अमेरिकेतील तलावमालकाला मात्र माझे सांगणे असे की, हप्त्यावर खर्च करावयाचा जादा डॉलर प्रथम दायित्वावर, मग 'बी' वर्गाच्या मर्यादेवर, आणि पैसा उरल्यास उत्थानाच्या पुरवणीवर खर्च करावा. तळाची झडप दर वर्षी तपासावी. आणि वादळानंतर जाणकाराला विचारल्यावाचून तलाव कदापि रिकामा करू नये. नूतनीकरणाची नोटीस येईल तेव्हा आपला तलाव कोणत्या वर्गात धरला आहे, त्याची भरपाई घसारा वजा करून की नव्या किमतीने, आणि पंप व नळ गोठण्याच्या अपवादात येतात की नाही, हे एजंटाला लेखी विचारावे, व उत्तरही लेखीच मागावे.